बेणे नेणारी पिकअप : टायरची निगा आणि बेताचा भार

सभासद बंधु-भगिनींनो,

लागणीचा हंगाम आला, की या पानावरून मी आपल्याशी बेणेप्रक्रिया, सरीतले अंतर, खतांचे हप्ते यांविषयी बोलत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. बेणे कसे लावावे हे आपण पुष्कळ वेळा बोललो. ते बेणेमळ्यातून आपल्या रानापर्यंत धड कसे पोचवावे, हे बोलायचे राहून गेले.

पूर्वी बेणे बैलगाडीतून यायचे. ओझे जास्त झाले, की बैल पाय रोवून उभा राहायचा आणि मालकाला दोन मोळ्या उतरवाव्याच लागायच्या. आता गावोगाव पिकअप झाल्या आहेत. बेणे, खत, मळी, वैरण, भाजीपाला सगळे तिच्यातूनच जाते. पण पिकअप बैलासारखी अडत नाही. दुप्पट भरली तरी निघते. तिचा टायर मात्र सगळा हिशेब मनात ठेवतो आणि एक दिवस भर रस्त्यात चुकता करतो.

माझ्या सहीची पावती

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आडसाली लागणी जोरात चालू होत्या. एक सभासद बेणेमळ्यावर आपली सव्वा टन क्षमतेची पिकअप घेऊन आले. एकरभराचे बेणे हवे होते. मी म्हणालो, "दादा, दोन खेपा करा."

ते म्हणाले, "साहेब, चौदा किलोमीटरवर रान आहे. आभाळ भरून आलंय, गडी खोळंबलेत. एका खेपेत उरकतो की. डिझेल काय फुकट येतंय का?"

मागे माणसांची रांग होती. मी पावतीवर सही केली आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

गाडीत दोन टनांवर ऊस भरला गेला. त्यावर चार मजूर बसले. कालव्याच्या वळणावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी चारीत कलंडली. वरची चारही माणसे उसासकट खाली आली. जीव कोणाचा गेला नाही. पण त्यांतल्या एका मावशींच्या मांडीचे हाड मोडले. तो हंगाम तर त्यांचा गेलाच, अजूनही त्यांना वाकून टिपरी लावता येत नाही. त्या पावतीची स्थळप्रत माझ्या दप्तरात आहे आणि तिच्यावर सही माझी आहे. म्हणून आज हे लिहायला बसलो.

नंतर मी तो टायर पाहिला. दोन्ही कडा झिजून गुळगुळीत आणि मध्ये नक्षी शाबूत. म्हणजे गाडी कित्येक महिने कमी हवेवर पळत होती. बाजूला ३२१६ हा आकडा होता. टायरच्या बाजूला लंबगोलात जे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. हा टायर २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला, म्हणजे सात वर्षांचा. गाडीवानाला हवेचे विचारले. तो म्हणाला, "लाथ मारली की कळतंय की साहेब." वय, हवा आणि भार, तिन्ही दुखणी एका चाकात जमली होती.

भार पेलते ती हवा

टायरचे रबर जाड दिसते, म्हणून आपल्याला वाटते की गाडी रबरावर उभी आहे. तसे नाही. भार पेलते ती आतली हवा. रबर आणि आतले धागे त्या हवेला धरून ठेवतात, इतकेच. हवा कमी पडली, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हाताने खाली-वर वाकवत राहिले, तर ती गरम होऊन शेवटी तुटते ना? टायरच्या आत तेच होते. बाजू तापते, धागे रबरापासून सुटतात आणि टायर फुटतो. आता लक्षात घ्या, हवा बरोबर असली आणि भार दुप्पट घातला, तरी बाजू तशीच दबते. कमी हवा आणि जादा भार ही टायरच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे. दोन्ही एकदम झाल्या, तर काय होते ते वर सांगितलेच.

म्हणून हवा लाथेने, हाताने किंवा डोळ्याने बघू नये. टायर अर्धा रिकामा झाला तरी तो वरून बरा दिसू शकतो. काही शे रुपयांत गेज मिळते, ते गाडीत असू द्या. आठवड्यातून एकदा, आणि मोठा भार न्यायचा असेल त्या दिवशी पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी हवा तपासा. गाडी पळाली की टायर तापतो आणि हवेचा आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नका, नाही तर टायर गार झाल्यावर हवा कमी पडेल.

किती हवा भरायची, हे पंपावरच्या पोरावर सोपवू नका. गाडीच्या पुस्तकात, किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ते दिलेले असते. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो. काही गाड्यांना रिकामी आणि भरलेली यांचेही आकडे वेगळे असतात. टायरवर लिहिलेला हवेचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, रोज भरायचे माप नव्हे. व्हॉल्व्हचे टोपण हरवले असेल तर बसवा. आणि स्टेपनी विसरू नका. वेळेला स्टेपनी काढावी आणि तीही बसलेली निघावी, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

टायर काय सांगतो ते वाचा

टायरची झीज पाहून गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी किंवा भार जास्त. मधला पट्टा झिजला, तर हवा जास्त. एकच कड झिजली, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले. जागोजागी खळगे पडले, तर शॉकअप किंवा चाकाचे बॅलन्सिंग पाहून घ्या.

नक्षीच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. ओल्या डांबरीवर आणि चिखलाच्या बांधावर गुळगुळीत टायर घसरतो, हे वेगळे सांगायला नको. बाजूला भेगा पडल्या असतील, किंवा गाठीसारखा फुगवटा आला असेल, तर नक्षी कितीही चांगली असो, तो टायर काढा. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेले आहेत. त्याला पंक्चरवाल्याकडे औषध नाही. बाजूचे पंक्चर काढून भार ओढू नये. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना तर मुळीच घालू नये.

आपल्या रानातला एक शत्रू मात्र पुस्तकात सापडत नाही. तोडणी झालेल्या फडात पाचटाखाली उसाचे बुडखे असतात, कोयत्याने तिरपे तासलेले, भाल्यासारखे. गाडी फडात घातली, की ते टायरच्या बाजूला चिरतात. शक्यतो गाडी बांधावर उभी करून मोळ्या बाहेर आणाव्यात. आत न्यायचीच असेल तर बाहेर आल्यावर चारही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू पाहाव्यात. बाभळीचा काटा, खिळा, मागच्या जोडचाकात अडकलेला दगड, सगळे तेव्हाच काढावे.

चाक बदलले, तर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

एकर एक, खेपा दोन

आता भाराचा हिशेब. आरसी पुस्तकात गाडीचे एकूण वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरे वजा केले, की गाडी किती पेलते ते निघते. बाजारात पाऊण टनापासून दोन टनांपर्यंतच्या पिकअप आहेत. शेजाऱ्याच्या गाडीत जितके मावते तितके आपल्या गाडीत चालेलच असे नाही.

समजा आपली गाडी सव्वा टनाची आहे. चालक आणि शेजारी एक माणूस यांचे दीडशे किलो वजा केले, तर ११०० किलो राहिले. एकराला दोन डोळ्यांच्या सुमारे १० हजार टिपऱ्या लागतात, आणि त्यासाठी दोन ते अडीच टन बेणे तोडावे लागते. म्हणजे दोन खेपा, प्रसंगी तीन. एका खेपेचा हिशेब कसाही मांडला तरी बसत नाही.

खताचेही तसेच. डीएपीचे पोते ५० किलोचे. ११०० किलोत २२ पोती झाली, तेविसावे चढवू नये. युरियाचे पोते ४५ किलोचे, ती २४ बसतील. मळी आणि शेणखत यांचा हौदा भरला म्हणून भार बरोबर झाला असे समजू नका. पावसात भिजलेल्या मळीचा अर्धा हौदादेखील जड होतो. शंका आली तर वजनकाट्यावर घाला.

काहीजण मागे पाटा वाढवून घेतात आणि म्हणतात, आता दोन टन चालेल. पाटा वाढवल्याने गाडी मागे बसत नाही, एवढेच. टायर तेच, ब्रेक तेच, एक्सल तेच. गाडी पूर्वी दबून सांगायची, ते सांगणेही आपण बंद केले.

दुसऱ्या खेपेला खर्च किती? चौदा किलोमीटर जाऊन-येऊन अठ्ठावीस. लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर दोनशे-सव्वादोनशे रुपये. एक टायर काही हजारांना पडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च आपला. आणि मावशींच्या मांडीची किंमत मला मांडता येत नाही.

भरावे कसे

जड माल केबिनला लागून पुढे ठेवावा. मागच्या चाकांच्या पाठीमागे भार गेला, की गाडीचे तोंड उचलते, स्टिअरिंग हलके होते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. डावी-उजवी बाजू सारखी असावी. भार जितका खाली तितका चांगला.

ऊस लांबीत टाकावा. एका थराचे बुडखे पुढे, तर दुसऱ्याचे मागे, म्हणजे थर सपाट बसतो. फाळक्याबाहेर टोके लोंबू देऊ नयेत. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाहीत. मागचे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर पाल्याने झाकले जाऊ नयेत. दोर दोन ठिकाणी आवळावा, आणि चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावा, कारण ऊस हादऱ्याने खाली बसतो आणि दोर सैल पडतो.

यात बेण्याचाही फायदा आहे. अंगावरचे पाचट ठेवून, हलक्या थरात, न तुडवता आणलेल्या बेण्याचे डोळे शाबूत राहतात. वर माणसे बसली, थरावर थर रचला, की डोळे चेंगरतात. मग लागणीनंतर आपण नांग्या मोजतो आणि बेणे वाईट होते म्हणतो. पहिल्या खेपेचे बेणे सावलीत उतरवून ओल्या गोणपाटाने झाकावे. चोवीस तासांच्या आत लागण झाली म्हणजे काही बिघडत नाही.

भारावर माणूस नको

हे शेवटी सांगतो, पण हे पहिले आहे. उसावर, पोत्यांवर, फाळक्यावर माणूस बसवू नका. "जवळच तर जायचंय" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. मालगाडीत फुकट नेलेल्या माणसाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे उद्या काही झाले तर ते मालकाच्या सातबाऱ्यावर येते, आणि मजुराच्या घरावर तर येतेच. गडी एस.टी.ने, मोटारसायकलने येऊ देत, नाही तर आधी जाऊन थांबू देत.

त्या अपघातानंतर बेणेमळ्यावर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. फाटकाशी हवेचे गेज ठेवले आहे, आणि पावतीवर गाडीची क्षमता लिहिल्याशिवाय बेणे भरले जात नाही. क्षमतेवर एक मोळीही चढत नाही. यावरून काही सभासद माझ्यावर रागावले आहेत. "साहेब आता फार कडक झाले," असे म्हणतात. रागवा, पण दोन खेपा करा. रांग असेल तर दुसऱ्या खेपेवाल्याला पुन्हा रांगेत उभे करणार नाही, सरळ पुढे घेऊ, हा माझा शब्द.

उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी एक काम करा. चारही टायरभोवती एक चक्कर मारा, त्यांच्यावरचे साल वाचा, आणि गेज लावा. पाच मिनिटे लागतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी