पुनरागमन : हौसेचे आणि पोटाचे

उतरणीला लागलेला कलावंत पुन्हा रंगमंचावर उभा राहू पाहतो, तेव्हा प्रेक्षकाला प्रथम हसू येते. या हास्यात थोडी सहानुभूती असते, थोडी क्रूरताही असते. मेरेडिथ स्कार्डिनो यांच्या 'गर्ल्सफाइव्हएव्हा' या अमेरिकन विनोदी मालिकेने २०२१ ते २०२४ या काळात तीन पर्वे याच हास्यावर उभी केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका गाण्याने गाजलेला आणि लगोलग विस्मृतीत गेलेला मुलींचा गायनसंघ हा तिचा विषय. त्यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा एक तरुण रॅपर आपल्या गाण्यात वापरतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या चौघीजणी पुन्हा एकत्र येतात. त्यांची फजिती पाहून प्रेक्षक मनमुराद हसतो. तो तसे हसू शकतो, याचे कारण आर्थिक आहे. चौघींपैकी एक तर दंतवैद्य आहे. गाणे पुन्हा पडले तरी तिची चूल विझणार नाही. ज्याच्या अपयशाची किंमत उपासमार नाही, त्याच्याच पुनरागमनाला निखळ विनोद म्हणता येते.

हा विनोद मराठी मनाला मुळीच परका नाही. तमाशातील गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची पुढारी असते ती मावशी. पुरुष सोंगाड्याने वठवलेली ही मावशी वयाने पिकलेली, पण तारुण्याचा हक्क सोडायला राजी नसलेली असते. तिच्या ठसक्यावर प्रेक्षक हसतो, तथापि संवादात बाजी बहुधा तिचीच असते. वाढत्या वयाची थट्टा करतानाच त्या वयाला शेवटचा शब्द देण्याचे शहाणपण या लोककलेने फार पूर्वी दाखवले. प्रश्न आहे तो राहुटीत परतल्यावर त्या कलावंताच्या वाट्याला काय येते हा.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. संगमनेर हे कांताबाई सातारकर यांचे गाव. १९३९ साली जन्मलेल्या कांताबाईंनी तुकाराम खेडकर यांच्या जोडीने वगनाट्य गाजवले. १९६४ साली खेडकर निवर्तले, आणि पदरी लहान मुले असताना फडाचा आधार सुटला. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला, मुलांना त्याच बोर्डावर उभे केले आणि उतारवयापर्यंत पायांतली चाळ व फडाचा कारभार दोन्ही सांभाळले. शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. मे २०२१ मध्ये संगमनेर येथे त्यांचे निधन झाले. रघुवीर खेडकर यांच्यासह कांताबाईंचे नाव फडाच्या फलकावर झळकत राहिले, ही गोष्ट केवळ मातृभक्तीची नव्हे. जमाखर्चाच्या भाषेत जिला 'ख्याती' म्हणतात, त्या मालमत्तेची ती नोंद आहे. हे पुनरागमन यशस्वी झाले, कारण नाव आणि फड या दोन्हींची मालकी अखेर कलावंताच्याच हाती आली.

सर्वांच्या नशिबी ही मालकी नसते. ढोलकी फडाचे अर्थकारण पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे जत्रा-पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात आणि चैत्र-वैशाखातील जत्रांवर वर्षाची बेगमी होते. कलावंत हंगामापूर्वी उचल घेतो. मालक ती देण्यासाठी स्वतः कर्ज काढतो. तंबू, मोटारी, वीज, वाद्ये यांचा खर्च प्रयोग होवो न होवो चालूच राहतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी चैत्राच्या तोंडावर. पुढल्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. लागोपाठ दोन हंगाम बुडाल्यावर मागे उरले ते कर्ज.

विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलेला सिद्धांत येथे चपखल लागू पडतो. कारखान्यात यंत्राने उत्पादकता वाढते. परंतु चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. साहजिकच इतरत्र मजुरी वाढत जाते तसा जिवंत कलेचा खर्च तिच्या उत्पन्नापुढे धावत राहतो. लावणीला ढोलकीवाला लागतोच, आणि त्याची बोटे यंत्राच्या वेगाने चालवता येत नाहीत. जिच्या अंगी ही कला आहे तिचे वय वाढले की तोट्याचा पहिला बोजा तिच्यावरच पडतो.

विठाबाई नारायणगावकर यांचे चरित्र याची साक्ष देते. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींकडून गौरव होऊनही त्यांची अखेर विपन्नावस्थेत झाली. २००२ साली त्या गेल्या, त्यानंतर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून ते मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, आणि पात्रतेचे वय सर्वसाधारणपणे पन्नास आहे. म्हणजे ज्या वयात अमेरिकन मालिकेतील नायिका नव्या दौऱ्याची स्वप्ने पाहतात, त्याच वयाच्या आसपास येथील नर्तकी 'ज्येष्ठ' ठरते. मानधन वाढले हे योग्यच झाले. परंतु ते अखेरच्या दिवसांचा आधार आहे, पुन्हा उभे राहण्याचे भांडवल नव्हे.

भांडवलाचा एक मार्ग कायद्यात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने प्रतिलिपी अधिकार कायद्यात प्रयोगकर्त्या कलावंताचा हक्क आला. १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे झाली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावरील स्वामित्वधनाची तरतूद झाली. गायक आणि नर्तक दोघेही या व्याख्येत बसतात. आज मात्र जत्रेतील लावणी कोणीतरी भ्रमणध्वनीवर टिपतो, ती लाखोंपर्यंत पोहोचते, उत्पन्न चित्रफीत चढवणाऱ्याच्या खात्यात जाते आणि नाचणारीच्या हाती पुढल्या हंगामाची उचल तेवढी उरते. जुन्या गाण्यावर दुसऱ्याने नाव कमावण्याची ही कथा त्या मालिकेत विनोदाचा आरंभबिंदू आहे. येथे ती रोजची वस्तुस्थिती आहे.

तेव्हा सुपारीच्या करारातच चित्रीकरणाचा हक्क व त्याचा मोबदला लिहिला जावा, आणि उचलीच्या जोडीने प्रत्येक कलावंताच्या नावे भविष्यनिधीची कपात व मालकाचा वाटा जमा व्हावा. शासनाने अनुदान देताना याच दोन अटी घालाव्यात. यात अशक्य असे काही नाही. संगमनेर, जामखेड, नारायणगाव येथील उतारवयीन कलावंतांवर उद्या कोणी विनोदी मालिका काढली, तर तिच्यावर हसण्याचा अधिकार प्रेक्षकाला या हिशेबातूनच मिळेल. मावशीला शेवटचा शब्द गवळणीत मिळाला आहे. तो करारपत्रातही मिळायला हवा.