आधी जोड तपासा, मग पार्ट बदला

रिक्षा, टेम्पो किंवा मोटारसायकल हे आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे पोट भरण्याचे साधन आहे. हे साधन एक दिवस उभे राहिले तर त्या दिवसाची कमाई बुडते. पतसंस्थेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यातच पावसाळा लागला की हेडलाईट मंद होणे, हॉर्न न वाजणे, सेल्फ न घेणे अशा तक्रारी सुरू होतात. मग बल्ब बदल, बॅटरी बदल, हॉर्न बदल अशी खर्चाची माळ लागते. पुष्कळ वेळा पार्ट चांगलाच असतो. बिघडलेला असतो तो जोड.

जोड म्हणजे वायरच्या टोकाची लग, दोन वायरी एकमेकींत बसवणारा प्लास्टिकचा कपलर, बॅटरीची टर्मिनल्स आणि बॉडीला बोल्टने आवळलेली अर्थची वायर. शेवटची विशेष लक्षात ठेवावी. घरात वीज येण्याजाण्यासाठी दोन वायरी लागतात. गाडीत बॅटरीकडून वीज वायरीतून येते आणि परत जाताना गाडीच्या पत्र्यातून, इंजिनातून जाते. त्यामुळे अर्थचा बोल्ट गंजला की परतीची वाटच बंद होते.

जोड का बिघडतो?

पाणी, धूळ आणि हादरे ही तीन कारणे. खड्ड्यांतून गाडी धडधडत जाते, कपलरमधली पिन किंचित सैल होते. त्या फटीत पाणी शिरते, तांब्या-पितळेवर हिरवा थर चढतो. हा थर वीज नीट जाऊ देत नाही. वीज अडली की तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पिनची पकड आणखी ढिली होते आणि शेवटी कपलर वितळतो.

आम्ही कॉमर्सची माणसे, म्हणून हिशोब मांडून पाहतो. १२ व्होल्टच्या गाडीत ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर वीज ओढतो. जोडात अर्धा ओहम इतकाच अडथळा तयार झाला, तरी सव्वा व्होल्टच्या वर दाब तिथेच खर्च होतो. बल्बला १२ ऐवजी पावणेअकराच्या आसपास व्होल्ट मिळतात. शिवाय त्या नखाएवढ्या जोडात तीन-साडेतीन वॅट उष्णता रात्रभर साठत राहते. बल्ब बदलून यात काय फरक पडणार?

राजारामपुरीतील एका स्टॉपवरच्या रिक्षावाल्या मामांचे असेच झाले. सेल्फ दाबला की नुसता ‘टक्’ आवाज यायचा. एका दुकानात बॅटरी गेली म्हणून सांगितले. मामांनी उसनवार करून नवी घातली. आठ दिवसांत पुन्हा तेच. अखेर उद्यमनगरातील एका वायरमनने सेल्फ दाबायला लावून बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर धरला. काटा तीन व्होल्टवर गेला. “मामा, बॅटरीला काय बी झाल्यालं न्हाई. अर्थ गंजलीया,” तो म्हणाला. बोल्ट काढून पत्रा घासला, नवी लग दाबली, पंधरा मिनिटांत गाडी सुरू. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तपासणी कशी करावी?

साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. स्टॉपवरच्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

१. प्रथम डोळ्यांनी पाहावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार, काळवंडलेला किंवा वितळलेला कपलर, उंदराने कुरतडलेली वायर असे काही दिसते का?

२. बॅटरी मोजावी. गाडी काही तास बंद असताना चांगल्या भरलेल्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या आसपास, तर इंजिन चालू असताना बहुधा पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. हे बरोबर असेल तर बॅटरी व चार्जिंग यांच्यावर लगेच आळ घेऊ नये.

३. मग जोडातील गळती मोजावी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून हेडलाईट चालू करावा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरे बल्बकडे येणाऱ्या पिनवर. नंतर एक टोक निगेटिव्हवर, दुसरे बल्बच्या अर्थवर. पाव व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर एकेक जोड मोजत पुढे सरकावे. ज्या जोडाच्या दोन बाजूंत व्होल्ट दिसतील तो चोर. ही तपासणी दिवा चालू ठेवूनच करावी. वीज वाहत नसेल तर खराब जोडही चांगला भासतो.

४. बिघाड मधूनमधून होत असेल तर दिवा चालू ठेवून एकेक कपलर हलक्या हाताने हलवावा. दिवा फडफडला की जागा सापडली. इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला, तर आधी मागच्या दिव्याची अर्थ पाहावी.

दुरुस्ती करताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. गॅसवरच्या गाडीत वास येत असेल तर एकही जोड सोडवू नये, स्विचला हात लावू नये. गाडी मोकळ्या हवेत ढकलून न्यावी. कपलर वायर धरून ओढू नये. खटका दाबून सोडवावा. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यावे. पॉलिश पेपरने खरवडू नये, पिनवरचा मुलामा निघून ती लवकर गंजते. बॅटरीच्या टर्मिनलवरचा क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, आवळून वरून व्हॅसलीन लावावे. जळालेली लग पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा नवी लग पक्कडीने नीट दाबून वर श्रिंक ट्यूब चढवावी.

तीन गोष्टी कदापि करू नयेत. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये; मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि गाडीला आग लागते. तपासताना वायरीत सुई टोचू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते. सर्व्हिसिंगला प्रेशरचे पाणी कपलरवर मारू देऊ नये. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस-६ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्याने तिथे जुना टेस्ट लॅम्प वापरू नये, डिजिटल मीटरच वापरावा. विजेवरच्या मोटारीतील केशरी केबलींना तर हातच लावू नये.

पुरात बुडालेली गाडी

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरात गाडी बुडाली तर पाणी ओसरताच चावी फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. ओल्या कपलरमध्ये वीज सोडली की पिना झपाट्याने गंजतात. आधी बॅटरी सोडवावी, सर्व कपलर उघडून चिखल स्वच्छ पाण्याने काढावा, पूर्ण वाळवावे, आणि मगच मिस्त्रीला दाखवावे. पाणी वायरीच्या आतील तारांमधून झिरपत जाते, म्हणून बिघाड तीन-चार महिन्यांनीही उपटतो. तोवर महिन्याला एकदा जोड पाहत राहावे.

आमची एवढीच विनंती आहे, की घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना आणि मुलींनाही या तपासणीला सोबत घ्यावे. शाळेत शिकलेला ओहमचा नियम त्यांना घरच्या गाडीत दिसेल, आणि कुणी “पार्ट गेला” म्हटले तर “आधी मीटर लावून दाखवा” असे विचारण्याचे बळ त्यांच्या अंगी येईल. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी दोन तास काढून आपल्या गाडीचे सर्व जोड तपासून घ्यावेत.