गठ्ठा पडत कसा नाही?

मुलांनो, बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये गेलात, तर साड्यांची दुकानं नंतर बघा. आधी हमालकाकांच्या मानेकडे बघा! अरुंद गल्ली, मागून स्कूटरचा भोंगा आणि डोक्यावर कापडाचा भलामोठा गठ्ठा. काका डोक्यावर चुंबळ ठेवतात, तिच्यावर गठ्ठा बसवतात आणि मान ताठ ठेवून झपाझप निघतात.

सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं, तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. काका उभे असताना त्यांचा आणि गठ्ठ्याचा मिळून गुरुत्वमध्य पावलांच्या बरोबर वर असला, की तोल टिकतो. डोकं जरा कललं, तरी आतल्या कानातल्या तीन वळणदार नळ्यांमधला द्रव हलतो. मेंदूला खबर जाते आणि पाठीचे, पोटाचे, पोटऱ्यांचे स्नायू लगेच सावरून घेतात. रोजच्या सवयीने हे स्नायू इतके तयार होतात, की काकांना विचारही करावा लागत नाही.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री याच जुन्या पेठांतून करगा या उत्सवाची मिरवणूक निघते. धर्मरायस्वामींच्या देवळातून निघालेला मानकरी डोक्यावर फुलांचा उंच मनोरा घेऊन रात्रभर फिरतो, आणि त्याला हातसुद्धा लावत नाही! सोबत तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. इथल्या गरड्या, म्हणजे आपल्या तालमी, या उत्सवाशी जोडलेल्या आहेत.

तालमीतला पैलवान कसा उभा राहतो? पाय फाकून, गुडघे वाकवून. त्यामुळे पाया रुंद होतो, गुरुत्वमध्य खाली जातो आणि त्याला पाडणं अवघड होतं. कोरियातले पैलवानही हेच करतात. त्यांची कुस्ती, सिरम, वाळूत होते. एकमेकांच्या कमरेला आणि मांडीला बांधलेला कापडी पट्टा धरायचा. गुडघा किंवा त्याच्या वरचं अंग टेकलं की हार. २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या या कुस्तीला युनेस्कोच्या वारसा यादीत एकत्र जागा मिळाली. एरवी भांडणारे दोन देश कुस्तीसाठी एक झाले, हे मला फार आवडतं.

आता तुमची पाळी. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला जा. पुढे झुकताना कंबर मागे सरकायला हवी, पण मागे भिंत! गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे जातो आणि तुम्ही तोंडावर येता. समोर गादी घालूनच करा, आणि आईबाबांनाही करायला लावा.