जुन्या बुलेटचा शत्रू पाऊस नव्हे, मीठ

वर्सोव्यात जुनी मोटारसायकल सांभाळणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पावसात गाडी ठेवू नको, आणि छपराखाली ठेवलीस की काळजी नाही. पहिला सल्ला अर्धाच खरा आहे आणि दुसऱ्याने आजवर बऱ्याच गाड्यांचं नुकसान केलंय. यारी रोड, सात बंगला किंवा वेसावे कोळीवाड्यात इमारतीच्या स्टिल्टखाली उभी असलेली एखादी जुनी येझदी किंवा राजदूत वाकून पाहा. मडगार्डच्या वरच्या बाजूचा रंग अजून बरा असतो, आतल्या बाजूचे मात्र पापुद्रे सुटलेले असतात. टाकीचा माथा चकचकीत असतो आणि सीटखाली झाकलेली तिची मागची कड गंजलेली असते. जिथे पाऊस पोचत नाही तिथेच गंज जास्त दिसतो.

या गाड्यांची वयं लक्षात घ्या. रॉयल एनफिल्डचं मद्रासमधलं उत्पादन १९५५ साली सुरू झालं. म्हैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जावा आणि पुढे येझदी बनवली; तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. यामाहाची आरएक्स-१०० आपल्याकडे १९८५मध्ये आली आणि १९९६मध्ये थांबली. म्हणजे जुनी येझदी असो वा आरएक्स-१००, त्यांतली सर्वांत तरुण गाडीही आता तिशीच्या घरात आहे. मूळ सुटे भाग चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात शोधावे लागतात. म्हणून घरच्या घरी पाना हातात घेणाऱ्याने भाग बदलण्याआधी तो का गेला हे समजून घेतलेलं बरं. वर्सोव्यात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: मीठ.

मिठाची तहान

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटले की खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. नैर्ऋत्येचा वारा त्यांना आत घेऊन येतो. यातले मोठे थेंब किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांतच खाली बसतात आणि वर्सोव्याची बरीच वस्ती नेमकी त्याच पट्ट्यात आहे.

धातूवर बसलेला मिठाचा कण गप्प बसत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं ते याच कारणाने. पण समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराईड नसतं. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियमचे क्षारही येतात. मॅग्नेशियम क्लोराईड तर अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं. मुंबईची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे जानेवारीच्या दुपारी कोरडी वाटणारी मडगार्डची आतली बाजू प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याच्या पातळ, न दिसणाऱ्या थराखाली असू शकते.

पाऊस इथे दुहेरी भूमिका करतो. तो ओल आणतो, पण साचलेलं मीठ धुऊनही नेतो. छपराखालच्या गाडीवर वाऱ्याबरोबर मीठ येत राहतं, धुतलं मात्र कधीच जात नाही. समुद्रकाठच्या वास्तूंच्या आडोशाच्या भागांत गंज जास्त दिसतो, त्याचं मोठं कारण हेच.

एका थेंबातली वीज

गंज ही विजेची क्रिया आहे, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका थेंबातून सुंदर दाखवलं. लोखंडाच्या घासलेल्या पत्र्यावर मीठपाण्याचा थेंब ठेवायचा आणि त्यात पोटॅशियम फेरीसायनाईड व फिनॉल्फ्थॅलिन ही दोन दर्शकं मिसळायची. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो, कड गुलाबी होते आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं.

थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. मध्यभागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, तो निळा रंग. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साईड बनतं, तो गुलाबी रंग. दोन्ही जिथे भेटतात तिथे गंज. मीठ या पाण्याला वीज वाहून नेण्याची ताकद देतं. शिवाय त्यातलं क्लोराईड धातूवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतं.

यातून गॅरेजमध्ये उपयोगी पडणारी एक गोष्ट कळते. ऑक्सिजन जिथे सर्वांत कमी पोचतो तिथे लोखंड आतून खाल्लं जातं. दोन पत्र्यांची जोड, वॉशरखालची फट, आरे रिममध्ये शिरतात ती जागा, चिखलाच्या थराखालचा चेसिसचा नळा, ही सगळी थेंबाच्या मध्यासारखी ठिकाणं. बाहेर दिसणारा तपकिरी डाग आणि खरी जखम नेहमी एका जागी नसतात. म्हणून जुनी गाडी तपासताना आधी जोड आणि फटी पाहाव्यात, सपाट पत्रा नंतर.

क्रोम झाकतं, जस्त झिजतं

जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि हँडल क्रोमचे असतात. त्यात क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि तो सूक्ष्म भेगांनी भरलेला असतो. खरं संरक्षण त्याखालचा निकेलचा थर देतो. पण निकेलला आरपार एक छिद्र पडलं की खेळ उलटतो. निकेल-क्रोमच्या मोठ्या पृष्ठभागाशी विजेने जोडलेला लोखंडाचा तो इवलासा बिंदू एकटाच झिजू लागतो. कॅथोड (इलेक्ट्रॉन वापरणारी बाजू) मोठा आणि ॲनोड (इलेक्ट्रॉन सोडून झिजणारी बाजू) छोटा असला की झीज एका जागी खोल जाते. हँडलवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात ते असे तयार होतात.

जस्ताचं वागणं याच्या उलट आहे. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी हीच युक्ती सुचवली होती. आजही जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. म्हणून न दिसणारे नट-बोल्ट, ब्रॅकेट, स्टँडच्या पिना यांना वर्सोव्यात जस्ताचा मुलामा द्यावा, क्रोम शोभेच्या जागी ठेवावं आणि त्यावर मेणाचा थर राखावा. ठिपक्यांवर जाड पॉलिश पेपर मारण्याचा मोह आवरायला हवा. त्याने उरलेलं निकेलही जातं.

जाम झालेला स्क्रू

इंजिनाचं कव्हर ॲल्युमिनियमचं आणि स्क्रू पोलादाचे. मध्ये खारी ओल. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं. आट्यांमध्ये पांढरी पूड साचते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि स्क्रूला आवळून धरते. जोर लावला की डोकं फिरतं किंवा कव्हरचे आटे जातात.

इथे पदार्थविज्ञान मदतीला येतं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम दर दशलक्ष भागांमागे सुमारे २३ भाग प्रसरण पावतं, पोलाद सुमारे १२. सहा मिलिमीटरच्या छिद्राभोवतीचं कव्हर शंभर अंशांनी तापवलं, तर छिद्र स्क्रूपेक्षा साधारण साडेसहा मायक्रॉन जास्त मोठं होतं. फरक केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, पण पांढऱ्या पुडीची पकड तडकायला पुरेसा असतो. हॉट एअर गनने सावकाश तापवावं, गार झाल्यावर गंज सोडवणारं तेल आत झिरपू द्यावं, मग पुन्हा तापवावं. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर आधी काढून लांब ठेवलेले हवेत.

जपानी बनावटीच्या इंजिनांवर आणखी एक खुबी आहे. त्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर असला की बहुतेक स्क्रू शाबूत निघतात. परत बसवताना आट्यांवर अँटी-सीझ ग्रीस लावावं. तेवढ्याने खारी ओल दोन धातूंना जोडू शकत नाही.

टाकीतला गंज

टाकी आतून गंजली की तांबूस भुकटी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते. भुकटी गाळून काम भागत नाही, कारण गंजाच्या खोल थरात क्लोराईड दडून बसतं आणि वरून घासलेली टाकी पुन्हा गंजते. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञांपुढे हाच प्रश्न असतो. १८६२मध्ये बुडालेल्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ साली वर काढला, तेव्हा त्यातलं मीठ बाहेर ओढण्यासाठी त्याला अल्कधर्मी द्रावणात बुडवून विजेचा प्रवाह देण्यात आला.

हीच रीत सुट्या लोखंडी भागांसाठी छोट्या प्रमाणात वापरता येते. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं द्रावण, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला गंजलेला भाग, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. काही पथ्यं मात्र कडक आहेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगं सुटतात. द्रावणात मीठ नको, नाहीतर क्लोरीन वायू निघू शकतो. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकायचा नाही, सोडा त्याला खातो. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. काम उघड्यावर करायचं, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

पेट्रोलच्या टाकीला वीज लावण्यापेक्षा सायट्रिक आम्ल सोपं आणि सुरक्षित. ते लोखंडाच्या आयनांना धरून गंज विरघळवतं. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं, लगेच वाळवायचं आणि आत तेल फिरवायचं. ओला उघडा पत्रा मुंबईच्या हवेत काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. जवळ ठिणगी, सिगारेट, ग्राइंडर काहीही नको.

पेट्रोलमधला ऊस

फेब्रुवारी २०२३पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्राच्या उसातून येतं. जुन्या गाडीसाठी त्याचे दोन परिणाम महत्त्वाचे.

पहिला मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक भरून काढतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे ठरलेल्या मापाचं भोक, त्याला हे कळत नाही. मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होण्याची भीती वाढते. प्लगचं टोक पांढुरकं दिसू लागलं तर ती पूर्वसूचना समजावी आणि मेन जेट एका मापाने मोठं करून पाहावं.

दुसरा परिणाम ओलीचा. इथेनॉल पाणी शोषतं. मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि टाकीचा कॉक तळातूनच इंधन घेतो. तो थर जस्ताच्या मिश्रधातूच्या कार्ब्युरेटरला पोखरतो आणि जेटमध्ये पांढरी पूड साचते. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करून वाळवणं उत्तम.

गोड्या पाण्याची बादली

वर्सोव्यातला सर्वांत स्वस्त आणि प्रभावी उपाय म्हणजे साधं पाणी. समुद्रातून आलेल्या आउटबोर्ड इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, हा बोटी सांभाळणाऱ्यांचा नियम मोटारसायकलला जसाच्या तसा लागू पडतो. वर्सोवा-मढ फेरीबोटीतून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी धुवावी. एरवीही ठरावीक दिवसांनी मडगार्डची आतली बाजू, सीटखालचा भाग, चेसिसच्या खालच्या नळ्या आणि आऱ्यांची मुळं धुवावीत. जोरदार प्रेशरची गरज नाही. त्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

पाणी कुठलं, हे फार महत्त्वाचं. महापालिकेचं तलावाचं पाणी योग्य, कारण त्यात क्षार कमी असतात. समुद्राजवळच्या बोअरचं पाणी बहुधा मचूळ असतं आणि नेमकं तेच सोसायट्यांमध्ये गाड्या धुवायला वापरतात. पाण्यातले क्षार दाखवणारा, सहज मिळणारा टीडीएस मीटर प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती वाहते हेच मोजतो. दोन्ही पाण्यांचे आकडे घेऊन पाहावेत. धुतल्यावर गाडी वाळवावी, उघड्या धातूवर तेलाचा हलका थर द्यावा आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री न टाकता हवा खेळणारं कापडी आवरण घालावं.

जुनी गाडी घरी दुरुस्त करणं हा मला केवळ छंद वाटत नाही. बारावीच्या पुस्तकातलं विद्युतरसायन तिथे हाताला लागतं आणि ते आपल्या घराशीही जोडलेलं आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. स्टिल्टच्या काँक्रीट खांबातल्या सळ्यांपर्यंत क्लोराईड पोचलं की हाच फुगणारा गंज काँक्रीट आतून फोडतो आणि खांबाला सळीच्या रेषेत उभी भेग पडते. मडगार्डचे पापुद्रे वाचायला शिकलेला माणूस ही भेगही ओळखू शकतो. ती दिसली तर नुसता गिलावा करून झाकू देऊ नका. सोसायटीच्या बैठकीत विषय काढा आणि स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या.