हौद बुजवू नका, मॅटही टाळू नका

शेतकरी बंधूंनो, आज खत-बियाण्याचं काही सांगणार नाही. आज तालमीविषयी बोलायचं आहे. पंचायत समितीच्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला तालमीतलं काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. पण कारणच तसं घडलं.

परवा एका गावच्या ग्रामसभेला गेलो होतो. जायचं होतं माती परीक्षणाचे नमुने कसे काढायचे ते सांगायला. पण सभेपुढे विषय निघाला तालमीच्या नूतनीकरणाचा आणि माझा विषय राहिला बाजूला. जुनी धाब्याची तालीम पाडायची, हौद बुजवायचा, वर फरशी टाकायची, व्यायामाची यंत्रं मांडायची आणि दारात मोठी कमान उभी करायची, असा आराखडा होता. तरुण पोरांचं म्हणणं वेगळं. यंत्रं नकोत, मॅट आणा, मातीत खेळून आता काही उपयोग नाही. म्हातारे वस्ताद दाराशी उभे होते. ते एवढंच म्हणाले की, हौद बुजवायचा असेल तर माझ्या माघारी बुजवा. सभा गप्प झाली. मग सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही मातीतले माणूस. तुम्हीच सांगा काय करायचं ते."

मी लहानपणी जत्रेच्या हगाम्यात रेवड्यांवर कुस्त्या खेळलेला गडी. दोन मारल्या, चार हरलो, तिथंच आमची पैलवानकी संपली. पण सरपंचांचा प्रश्न डोक्यात राहिला. आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांत आज हाच प्रश्न आहे. काही तालमींना कुलूप आहे, काहींत सोसायटीच्या खताच्या गोण्या रचल्यात. जिथं पैसा येतो तिथं आधी भिंत आणि कमान होते आणि पोरगं कशावर खेळणार हा विचार शेवटी राहतो.

आधी पोरांची बाजू ऐकू. मॅट म्हणजे गादी ही काही आजची टूम नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा गडी गादीवर नवखा होता, तरी सहावा आला. पुढच्या चार वर्षांत त्यांनी त्या खेळाचा अभ्यास केला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून मदत केली. खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते 2024 साली, स्वप्नील कुसाळेला, तेही नेमबाजीत. कुस्तीत खाशाबांनंतर आपल्या राज्याच्या मल्लाला अजून ऑलिंपिक पदक नाही. गावोगाव तालमी असलेल्या राज्याची ही गोष्ट आहे. ताकदीत आपली पोरं कमी नाहीत. खेळ बदलला आणि आपल्या तालमी बदलल्या नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

काय बदललं ते नीट पाहा. जत्रेतली कुस्ती निकाली. पाठ लागली, आभाळ दिसलं की संपली. अर्धा तास चालली तरी लोक बसून राहतात आणि नाहीच झाली तर बरोबरीत सोडवतात. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विश्रांती. सतरा वर्षांखालच्या पोरांना तर दोन-दोन मिनिटंच. तेवढ्यात समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन गुण, रिंगणाबाहेर ढकलला तर एक, उंच फेक केली तर चार किंवा पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबते. चितपट आहेच, पण वाट बघत उभं राहणाऱ्याला पंच ताकीद देतो आणि त्याचा गुण समोरच्याला जातो. मातीत जोखून, दमवून खेळायची सवय लागलेला आपला गडी हात घालायचा विचार करतो तोवर हरियाणाचा पोरगा पट काढून मोकळा झालेला असतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून काय गोंधळ झाला, पंचांवर लाथ उगारण्यापर्यंत कसं गेलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. चूक कोणाची यात मी पडत नाही. पण हगाम्यात वाद झाला तर गावचे चार जाणते मध्ये पडून मिटवतात. गादीवर नियमाचं पुस्तक असतं, दाद मागायची रीत असते. आपल्या किती तालमींत पोरांना ते पुस्तक कुणी वाचून दाखवतं? पुढच्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी कर्जतला झाली. एका जिल्ह्यात, एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी. संघटनांचं भांडण संघटना पाहतील. पण एवढी कुस्ती दारात येऊन गेली, त्यातून आपल्या गावच्या तालमीनं काय घेतलं हे तरी विचारावं की नाही?

तेव्हा मॅट पाहिजे. मग हौद कशाला ठेवायचा? इथं मला थोडं माझ्या खात्यातलं बोलू द्या.

हौदाची माती ही शेतातल्या मातीसारखीच जिवंत गोष्ट आहे. रोज खेळायच्या आधी पोरं फावड्यानं हौद खणतात, उलथतात, पुन्हा सारखा करतात. हाच त्यांचा पहिला व्यायाम. त्यानं खांदे, कंबर, मनगट तयार होतं आणि त्याला वीजबिल येत नाही. मऊ मातीत पाय रुततो, त्यामुळे प्रत्येक ओढीला जास्त जोर लागतो. लहान पोरगं पडायला शिकतं ते मातीतच. शिवाय महाराष्ट्र केसरीत माती विभाग अजून आहे, जत्रेचे हगामे आहेत, गरीब घरच्या पैलवानाचा खुराक त्या इनामावर चालतो. हौद बुजवला की ही पहिली पायरीच गेली.

पण हौदात कुठलीही माती चालत नाही. आपल्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळी जमीन. ती ओली झाली की चिकटते, फुगते. वाळली की भेगाळते आणि ढेकूळ दगडासारखं होतं. त्यात चुनखडीचे खडे असतात, ते कोपरं-गुडघे सोलून काढतात. प्रवरा-मुळेच्या कालव्याखालची खारवट, चोपण माती तर मुळीच नको, घामेजल्या अंगाला ती झोंबते. हौदाला लागते तांबडी, बारीक, खडा नसलेली माती. तांबड्या मातीतली चिकणमाती काळ्यासारखी फुगत नाही, म्हणून ती मोकळी राहते. आपल्याकडे अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात अशी माती सापडते. अठरा फूट लांब, अठरा फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद धरला तर 486 घनफूट, म्हणजे जवळपास पाच ब्रास माती लागेल. चाळून खडा जाईल, म्हणून थोडी जास्तच धरा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एक ध्यानात ठेवावं. माती हे गौण खनिज आहे. तहसील कार्यालयाची परवानगी घेऊन, स्वामित्वधन भरूनच ती आणावी, नाहीतर ट्रॅक्टर अडकेल आणि तालमीचं नाव खराब होईल ते वेगळंच.

या मातीत ताक, गोडेतेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालायची जुनी रीत आहे. तेलानं धूळ उडत नाही आणि माती अंगाला मऊ लागते, हे तर हाताला कळतं. हळद-कापूर औषधी आहेत असं वस्ताद मंडळी सांगतात. घाला, पण त्या भरवशावर धनुर्वाताची सुई चुकवू नका. पोराच्या लसीचं कार्ड आरोग्य उपकेंद्रात दाखवून घ्या. हौदावर छप्पर हवं, पण कडेनं ऊन आणि वारा आत आला पाहिजे. कोंदट हौदाला वास येतो. पावसाचं पाणी शिरलं तर ती माती बाहेर काढून वाळवल्याशिवाय त्यात खेळू नये.

आता जे सांगतो ते मात्र गांभीर्यानं घ्या. एका ठिकाणी हौदाला वाळवी लागली म्हणून कुणीतरी त्यात क्लोरपायरीफॉस ओतलेलं मी पाहिलं. शेतात वापरताना आपण हातमोजे घाला, तोंड बांधा म्हणून सांगतो आणि इथं उघड्या अंगाची पोरं तेच औषध नाकातोंडात घेत लोळणार! असं कुठं झालं असेल तर ती सगळी माती काढून टाका, वरवर चाळून भागणार नाही. तालमीत खताच्या गोण्या आणि औषधाचे डबे ठेवणंही आजपासून बंद करा. गोदाम पाहिजे तर दुसरीकडे बांधा.

मॅटचं बोलू. स्पर्धेची मॅट बारा मीटर बाय बारा मीटर असते, म्हणजे साधारण चाळीस फूट लांब-रुंद. त्यात नऊ मीटर व्यासाचं रिंगण, भोवती दीड मीटर मोकळी सुरक्षित जागा. ती दोन मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यांची घेतली तर 72 तुकडे लागतात. एवढी जागा आपल्या जुन्या तालमीत कुठली? सरावाला आठ मीटर बाय आठ मीटरही चालते, तिला 32 तुकडे पुरतात. त्यासाठी सव्वीस-सत्तावीस फुटांचा चौरस लागतो आणि भिंतीला गादी लावावी लागते, नाहीतर डोकं फुटेल. खाली फरशी किंवा कोबा सपाट आणि कोरडा हवा. ओल आली की मॅटला खालून बुरशी धरते. मॅटवर बाहेरच्या चपला नकोत आणि रोज खेळ संपल्यावर जंतुनाशकानं ती पुसायची. हे झालं नाही तर एका पोराचा नायटा महिन्यात साऱ्या तालमीला होतो. माती उलथली जाते, मॅट उलथली जात नाही, हा फरक आहे.

पैशाचं म्हणाल, तर व्यायामशाळा विकासासाठी शासनाची अनुदान योजना आहे. चौकशी नगरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. प्रस्तावात इमारतीबरोबर साहित्यही मागा. कमान मागू नका, ती वर्गणीतून पुढं कधीही होईल.

मुलींचा विषय त्या ग्रामसभेत कुणीच काढला नाही, म्हणून मी काढला. आपल्या श्रीगोंदा तालुक्याची भाग्यश्री फंड 2025 मध्ये महिला महाराष्ट्र केसरी झाली. तिचा फोटो गावोगाव फ्लेक्सवर लागला, पण त्याच गावांच्या तालमीत मुलींना कपडे बदलायला एक खोली नाही. आराखड्यात एक खोली, एक स्वच्छतागृह आणि मुलींच्या सरावाची ठरलेली वेळ एवढं घालायला असा किती खर्च येतो? सभेत मागून एकजण म्हणाला, "मुली येतात कुठं?" येतील कशा, दाराला कडीच नाही.

खुराकाचं मी थोडक्यात सांगतो. दुधाचा जिल्हा आपला. दूध, शेंगदाणा, गूळ, अंडी, कडधान्य आणि बाजरीची भाकरी घरात असताना अनोळखी पावडरीचे डबे कशाला आणायचे? त्यात काय मिसळलंय ते कळत नाही आणि उत्तेजक चाचणीत सापडला तर पोराची कारकीर्द गेली. वजनाचंही तसंच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगट अंतिम फेरीत पोचूनही शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यानं बाद झाली. तेव्हा तालमीत एक चांगला काटा ठेवा, नसेल तर दूध संकलन केंद्रावरचा मोठा काटा आठवड्यातून एकदा वापरा आणि वहीत लिहून ठेवा. पण वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवून, पाणी तोडून खालच्या गटात बसवू नका.

मोबाईलवर आता पोरं देशोदेशीच्या कुस्त्या बघतात. वस्तादांना ते आवडत नाही. माझं मत जरा वेगळं आहे. ढाक, कलाजंग, भारंदाज, मोळी हे डाव वस्तादांच्या हातात आहेत, गादीवरची चपळाई त्या पडद्यावर दिसते. रविवारी तासभर दोघांनी एकत्र बसून एक कुस्ती थांबवत थांबवत पाहिली तर दोघांचंही काम होईल.

त्या गावात शेवटी काय ठरलं? हौद राहिला, अठराचा सोळा फूट झाला. शेजारच्या पडक्या खोलीची जागा धरून मॅटसाठी शेड बांधायची, यंत्रं तूर्त नकोत आणि मुलींची खोली शेडला लागून करायची, असा ठराव झाला. मॅटचा प्रस्ताव अजून जायचा आहे. वस्तादांनी हौदाची माती बदलायला होकार दिला, पण जुन्यातली दोन पाट्या माती नव्यात मिसळायची या अटीवर. मी हरकत घेतली नाही.

तुमच्या गावात हौदाची माती बदलायची असेल तर सोमवारी मी पंचायत समितीत असतो. जी माती आणायचं मनात आहे तिचा किलोभर नमुना कापडी पिशवीत आणा. ओला आणू नका, उन्हातही नको, सावलीत वाळवून आणा. खताच्या रिकाम्या गोणीत तर मुळीच नको.