सकाळचा पेला आणि त्यातील कॅफीन

रायपूरहून धमतरी व जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अभनपूरवरून जातो. अशा हमरस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहापाशी सकाळी क्षणभर उभे राहावे. कोणी वाफाळलेला चहा घेत असतो, कोणी कॉफी मागवितो, तर एखादा तरुण थंडगार कोलाची बाटली उघडतो. झोपेची गुंगी जावी व कामास हुशारी यावी, हीच तिघांची इच्छा असते. ती पुरविणारे द्रव्यही तिन्ही पेयांत एकच आहे. त्याचे नाव कॅफीन.

गोटी सोड्याच्या बाटलीत मात्र हे द्रव्य नसते. तेथे पाण्यात दाबाखाली विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. कोलासारख्या पेयांत त्या वायूच्या जोडीला कॅफीन, साखर व फॉस्फरिक आम्ल असते.

रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. १८२७ मध्ये चहात सापडलेल्या द्रव्यास 'थेईन' असे निराळे नाव मिळाले होते. परंतु ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे १८३८ मध्ये सिद्ध झाले. कीटकांपासून वनस्पतीचे रक्षण करण्यास हे द्रव्य उपयोगी पडते. ज्या झाडावर ते तयार होते, ते आपल्यापासून फार दूर नाही. अभनपूरचा हाच महामार्ग पुढे बस्तरमधील दरभा येथे पोहोचतो व तेथे २०१७ पासून कॉफीची लागवड होत आहे. महाराष्ट्रात मेळघाटातील चिखलदऱ्याची कॉफी प्रसिद्ध आहे.

हुशारी कोठून येते?

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. मज्जापेशींवरील ठराविक जागी ते जाऊन बसले की आपणांस झोप येऊ लागते. कॅफीन त्याच जागा अडवून बसते व थकव्याचा निरोप पोहोचू देत नाही. थकवा तर शरीरात तसाच राहतो. कॅफीनमुळे शक्ती मिळत नाही; विश्रांतीची गरज तेवढी पुढे ढकलली जाते. प्रौढ मनुष्याच्या शरीरातील निम्मे कॅफीन नाहीसे होण्यास सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या पेल्याचा निम्मा अंश रात्री दहा वाजताही शरीरात असतो. परीक्षेसाठी जागरण करणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब अवश्य ध्यानात ठेवावा.

कॉफी की कोला?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार दीडशे मिलिलिटर उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे ती संस्था सांगते. तीनशे मिलिलिटर कोलात हे प्रमाण तीसच्या आसपास असते. तेव्हा कोला सौम्य आहे, असे कोणासही वाटेल. परंतु त्याच बाटलीत सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. एका पेला कॉफीइतके कॅफीन कोलातून मिळवावयाचे झाल्यास तीन बाटल्या व अठरा चमचे साखर पोटात जाईल. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे हितावह, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. साखरविरहित कोलातही आम्ल असतेच व ते दातांच्या कवचास झिजविते.

कॉफीही निर्दोष नाही. चार चमचे साखर घातलेल्या कॉफीस कोलाला नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही. शिवाय चहा-कॉफीतील काही घटक अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतात. म्हणून ही पेये जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान तासभर टाळावीत, असाही सल्ला उपरोक्त संस्थेने दिला आहे. रक्तक्षय असलेल्यांसाठी तो विशेष मोलाचा आहे. गर्भवती स्त्रियांनी कॅफीनचे प्रमाण बरेच कमी ठेवावे आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्याची सवयच लावू नये.

रोजची सवय एकाएकी मोडल्यास डोके दुखते. म्हणून प्रमाण हळूहळू उतरवावे. प्रौढ व निरोगी माणसाने न्याहारीपासून अंतर ठेवून, कमी साखरेची एक पेला कॉफी किंवा चहा घेण्यास हरकत नाही. कोला मात्र रोजच्या सकाळचे पेय होऊ नये. आणि पेल्यावाचून सकाळी डोळेच उघडत नसतील, तर आदल्या रात्रीची झोप पुरेशी झाली होती काय, हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा.