कामगार-कायद्याचा उंबरठा

असोद्याच्या लेकीचा, बहिणाबाईंचा जन्म १८८० चा. पुढच्याच वर्षी, १८८१ साली, हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. पण खानदेशातील जिनिंगमध्ये राबणाऱ्या बायांना त्याचा काडीचाही आधार मिळाला नाही. असे का झाले, तेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

कायद्याला उंबरठा असतो. १८८१ चा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, १०० माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यालाच लागू होता. जिनिंगचा हंगाम कपाशी वेचून झाल्यावरचा, थोड्या महिन्यांचा. तेव्हा पुष्कळ जिनिंग बाहेरच राहिले. १८८७-८८ च्या मुंबई इलाख्याच्या कारखाना-अहवालात खानदेशातील जिनिंगचे वर्णन आहे. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम, आणि निकड पडली की सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस!

मुंबईत तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना जागे करीत होते. १८८४ साली साडेपाच हजार सह्यांचे निवेदन गेले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई या मागण्या होत्या. सुट्टी मिळाली १८९० च्या जूनमध्ये. आज रविवारी आपण निवांत बसतो, ती कुणाची मेहेरबानी नव्हे, हे ध्यानी असू द्यावे.

पुढे उंबरठा उतरत गेला. १८९१ साली १०० चे ५० झाले. १९११ साली चार महिन्यांच्या आतले हंगामी कारखानेही कायद्यात आले. १९२२ साली ५० चे २० झाले व आठवड्याचे तास ६० ठरले. १९४८ साली यंत्रावरच्या कारखान्याला १० माणसे पुरेशी झाली व तास ४८ वर आले. प्रत्येक पायरीमागे संप होते, मोर्चे होते, उपाशी चुली होत्या.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा आम्ही शिकलो तो लोकांचे कागद वाचीत. एकदा एका जिनिंगमध्ये एका बाईची दोन बोटे यंत्रात गेली. भरपाईचा कायदा १९२३ पासूनचा. पण हजेरीपटावर बाईचे नावच नव्हते! मालक म्हणाला, “ही आमच्याकडे कामाला नव्हतीच.” शेजारणींच्या साक्षींवर प्रकरण उभे करता करता आम्हांला तीन वर्षे लागली, आणि हाती आले ते थोडेच. कायदा होता, उंबरठाही ओलांडलेला होता. नव्हता तो कागद.

आता जुने २९ कायदे एकवटून चार संहिता झाल्या आहेत. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत यंत्रावरच्या कारखान्याच्या व्याख्येतील आकडा १० वरून पुन्हा २० वर गेला आहे. सुरक्षिततेचे काही नियम १० माणसांच्या आस्थापनेला लागू राहतात हे खरे. पण उंबरठा चढू लागला की पहिल्याने बाहेर राहतो तो लहान गावचा, हंगामी माणूस, हे आमच्या जिल्ह्याने एकदा भोगलेले आहे.

त्याच संहितेत नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. मंडळी, आपल्या घरची, शेजारची बाई उद्या जिनिंगवर निघाली, तर तिला एवढेच सांगा: पत्र माग, आणि न मिळाले तरी कामाचे दिवस व मिळालेली मजुरी वहीत लिहून ठेव. लिहिता येत नसेल तर आपण लिहून द्या. त्या बोटांची किंमत आम्ही पाहिली आहे.